रोजची चार चौकटींची जागा: मराठी दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे संपादक आणि रोज रात्री पाने लावणारे उपसंपादक,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते. तुमच्या दैनिकात एका चित्रकाराला रोजची एक कॉमिक स्ट्रिप द्या. ठरलेल्या पानावर, ठरलेल्या जागी, आठवड्याचे सातही दिवस. आणि ती चालते की नाही याचा निकाल सहा महिन्यांत लावू नका. निदान पाच वर्षे थांबा.

पाच वर्षे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. कागदाचे भाव, कमी झालेली पाने, जाहिरात विभागाचा तगादा, हे सगळे बाहेरून का होईना, मलाही दिसते. तरीही मागते आहे, आणि या मागणीला आधार म्हणून एका माणसाची हकीकत सांगणार आहे. चार्ल्स शुल्झ हे नाव प्रत्येकाच्या ओठांवर असेल असे नाही. पण आपल्या लाकडी घराच्या छपरावर उताणा पडून आकाशाकडे बघणारा पांढरा कुत्रा, स्नूपी, तुम्ही कुणाच्या तरी दप्तरावर किंवा टी-शर्टवर नक्की पाहिला असेल. तो दप्तरावर फार नंतर आला. जन्मला तो वर्तमानपत्रात, चार छोट्या चौकटींमध्ये.

'पीनट्स' ही ती मालिका. २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळात तिच्या १७,८९७ स्ट्रिप्स छापून आल्या. या सगळ्यांची कल्पना, पेन्सिलचे कच्चे काम, शाई आणि फुग्यांमधली अक्षरेसुद्धा एकट्या शुल्झची. हाताखाली चित्रकार ठेवून आपल्या नावावर मालिका चालवण्याची पद्धत त्या धंद्यात सर्रास होती. या गृहस्थाने शेवटपर्यंत कुणाला ब्रश लावू दिला नाही. ज्या टाकाने ते काढत, तो बनवणारी कंपनी तो बंद करते आहे असे कळल्यावर त्यांनी शिल्लक सगळा साठा विकत घेऊन ठेवला. पन्नास वर्षे असा रतीब घालणारा माणूस अफाट होता, यात वाद नाही. मात्र या हकीकतीत संपादकांची जी बाजू आहे, तिच्याकडे कुणी फारसे बघत नाही. मला तिच्याबद्दल बोलायचे आहे.

शुल्झ यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२२ चा, अमेरिकेतल्या मिनीआपोलिसचा. वाढले शेजारच्या सेंट पॉलमध्ये. वडील केशकर्तनालय चालवायचे. पुढे मालिकेतला मुख्य मुलगा चार्ली ब्राउन, त्याचे वडीलही न्हावीच झाले. बाळ अगदी तान्हे असताना एका काकांनी त्याला 'स्पार्की' म्हणायला सुरुवात केली, तेही त्या काळच्या एका गाजलेल्या कॉमिक स्ट्रिपमधल्या स्पार्क प्लग नावाच्या घोड्यावरून. हे नाव आयुष्यभर चिकटले. पोरगा लाजाळू, वर्गात वयाने सगळ्यांत लहान. शाळेच्या वार्षिक अंकासाठी दिलेली त्याची चित्रे छापली गेली नाहीत आणि ती सल म्हातारपणापर्यंत गेली नाही. पुढे पोस्टाने चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेत नाव घातले, तर 'लहान मुलांची चित्रे' या भागात बेताचेच गुण पडले. लहान मुले काढूनच हा माणूस जगात ओळखला गेला, म्हणून हा तपशील सांगायचा मोह आवरत नाही.

१९४३ साली सैन्याचे बोलावणे आले आणि त्याच सुमाराला कर्करोगाने आई गेली. वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा आईला निरोप देऊन छावणीत परतला आणि पुढे युरोपात लढायला गेला. 'पीनट्स'मधली उदासी कुठून आली असे लोक विचारतात. मला वाटते, उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

युद्धावरून परतल्यावर शुल्झ त्याच पोस्टाच्या चित्रशाळेत शिकवू लागले. १९४७ मध्ये सेंट पॉलच्या एका दैनिकात त्यांची आठवड्याला एक अशी लहान मुलांची चित्रे येऊ लागली. जागा मिळाली ती महिलांच्या पानावर. दोन-अडीच वर्षांनी त्यांनी चांगली जागा आणि थोडे अधिक मानधन मागितले. नकार आला. मग बंदच करू, असे ते म्हणाले आणि बंद झाले. मला त्या संपादकाचा राग येत नाही. पान भरलेले होते, पैसे मोजके होते आणि समोरचा मुलगा अनोळखी होता. तुमच्यापैकी कुणीही त्या खुर्चीत असते तरी बहुधा हेच केले असते. म्हणूनच तर हे पत्र लिहिते आहे.

त्याच वर्षी अनेक वर्तमानपत्रांना मालिका पुरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या युनायटेड फीचर सिंडिकेट या संस्थेने त्यांची मालिका घेतली. नाव मात्र सिंडिकेटने आपल्या मर्जीने ठेवले, आणि 'पीनट्स' हे नाव शुल्झना मरेपर्यंत आवडले नाही. सुरुवात झाली ती अवघ्या सात वर्तमानपत्रांत. पहिल्या महिन्याची कमाई ९० डॉलर. सिंडिकेटने ती विकली कशी, तर 'जागा वाचवणारी' म्हणून. चारही चौकटी सारख्या आकाराच्या, त्यामुळे संपादकाला त्या आडव्या लावता येतात, एकाखाली एक उभ्या लावता येतात, दोनावर दोन रचून चौकोनही करता येतो. पान लावताना कुठे फट राहिली की तिथे बसवायची सोय!

इथे थोडे थांबते, कारण हा भाग तुमच्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे. जागा इतकी लहान की तपशील भरायला वाव नव्हता. मग शुल्झ यांनी तपशील काढूनच टाकले. एक कुंपण, एक दगडी कठडा, गवताच्या दोन-चार रेघा, बास. नजर मुलांच्या उंचीवर आणली, त्यामुळे मोठी माणसे चौकटीत मावेनात. ती कायमची बाहेर राहिली. आईवडील, शिक्षक सगळे आहेत, पण दिसत नाहीत. उरली मोठ्या डोक्याची पोरे. ती कठड्याला रेलून देवाबद्दल, अपयशाबद्दल, आवडणाऱ्या पण न बोलणाऱ्या मुलीबद्दल बोलतात. तोवरच्या मालिकांमध्ये धावपळ, आदळआपट असायची. या मालिकेत माणसे थांबून विचार करू लागली. संपादकाच्या कंजुषीतून एक शैली जन्माला आली. तेव्हा जागा कमी आहे, ही सबब मला सांगू नका. कमी जागा चालते. आज आहे आणि उद्या नाही, अशी जागा चालत नाही.

पहिल्याच दिवशीची स्ट्रिप बघा. दोन मुले बसली आहेत. समोरून चार्ली ब्राउन येतो, जातो. तो येताना दिसल्यापासून एक मुलगा त्याचे कौतुक करतो आहे. तो पुढे निघून गेल्यावर शेवटच्या चौकटीत तोच मुलगा म्हणतो, मला याचा किती राग येतो! पन्नास सालच्या वर्तमानपत्रात मुलांच्या तोंडी हे. काही वाचकांना हे रुचले नसणार.

आता माझा खरा मुद्दा. आपण ज्याला 'पीनट्स' म्हणून ओळखतो, ते पहिल्या सहा महिन्यांत तिथे नव्हतेच. स्नूपी होता, पण चार पायांवर चालणारा, भुंकणारा साधा कुत्रा. त्याच्या मनातले विचार फुग्यात दिसायला १९५२ उजाडले, दोन पायांवर तो त्यानंतर काही वर्षांनी चालू लागला आणि आपल्या छपराला लढाऊ विमान समजून पहिल्या महायुद्धाच्या आकाशात उडाला तो १९६५ मध्ये. पियानोवर बीथोवेन वाजवणारा श्रोडर १९५१ मध्ये तान्हे बाळ म्हणून आला. ल्यूसी आणि तिचा पांघरूण कवटाळणारा भाऊ लायनस १९५२ मध्ये आले. पाच सेंट घेऊन लोकांना मानसिक सल्ला देण्याचे ल्यूसीचे दुकान १९५९ चे. पेपरमिंट पॅटी १९६६ ची. वुडस्टॉक नावाच्या त्या वेड्यावाकड्या उडणाऱ्या पिवळ्या पाखराला नाव मिळायला १९७० साल उजाडले. सहा महिन्यांनी कुणी आढावा घेतला असता, तर त्याच्या हाती काय लागले असते? काही गोड पोरे आणि एक कुत्रा.

रोजच्या मालिकेत विनोद एकेका दिवसात नसतोच. ल्यूसी चेंडू धरते, चार्ली ब्राउन लाथ मारायला धावत येतो, आयत्या वेळी ती चेंडू काढून घेते आणि तो उताणा पडतो. एकदा वाचले तर खोडी. दरवर्षी, पुढच्या वर्षीही, दहा वर्षांनीही तेच वाचताना आपण हसता हसता चरकतो, कारण हा मुलगा यंदाही विश्वास ठेवणार हे आपल्याला माहीत असते. १९९९ च्या शरद ऋतूत शुल्झ यांनी हा प्रसंग शेवटचा काढला. ल्यूसी घरात जाते, चेंडू सर्वांत धाकट्या भावाच्या, रीरनच्या हाती सोपवते आणि परत आलेल्या भावाला विचारते, काय झाले? तो म्हणतो, ते तुला कधीच कळणार नाही. आपल्यालाही कळत नाही. हा विनोद लिहायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली, आणि तो समजायला वाचकालाही तितकाच काळ सोबत राहावे लागले. असे नाते दिवाळी अंकातल्या एका पानावर किंवा मोबाइलवर पुढे ढकललेल्या एका चित्रात तयार होत नाही. ती ठिकाणे वाईट आहेत असे नव्हे. ती वेगळ्या कामाची आहेत.

वाचकाच्या पत्राला काही किंमत असते का, असे तुमच्या मनात आले असेल, म्हणून एका पत्राबद्दल सांगते. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अकरा दिवसांनी लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन नावाच्या शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिले: तुमच्या मुलांच्या टोळीत एक कृष्णवर्णीय मूल असू द्या. शुल्झ यांनी उत्तर पाठवले. करावेसे वाटते, पण आपल्या कृष्णवर्णीय मित्रांवर आपण उपकार करतो आहोत असे तर दिसणार नाही ना, ही भीती त्यांनी मोकळेपणाने लिहिली. बाईंनी ते तिथे सोडले नाही. आपल्या कृष्णवर्णीय मित्रांना विचारले आणि त्यांची मते शुल्झपर्यंत पोचवली. ३१ जुलै १९६८ च्या अंकात समुद्रकिनाऱ्यावर एक मुलगा पाण्यात गेलेला चेंडू चार्ली ब्राउनला आणून देतो. तो फ्रँकलिन. दोघे मिळून वाळूचा किल्ला करतात. कुठे भाषण नाही.

पुढे फ्रँकलिन शाळेत पेपरमिंट पॅटीच्या पुढच्या बाकावर बसलेला दिसू लागला, तेव्हा दक्षिणेकडच्या एका संपादकाने लिहून कळवले की कृष्णवर्णीय मूल मालिकेत असायला हरकत नाही, पण त्याला गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात दाखवू नका. शुल्झ यांनी त्याला उत्तरच दिले नाही. सिंडिकेटचे अध्यक्ष फ्रँकलिनबद्दल काही बदल सुचवू लागले, तेव्हा मात्र ऐकवले: मी काढतो तसे छापा, नाहीतर मी सोडतो. फ्रँकलिन हे पात्र पुढे तितकेसे फुलले नाही, हेही खरे. तो फार शहाणा, फार गुणी आणि म्हणून जरा सपक राहिला. बाकीच्या पोरांना दिलेली खोड त्याला मिळाली नाही. पण त्या चार महिन्यांत जे घडले, ते छापील पानावर रोज भेटणाऱ्या माणसाच्या बाबतीतच घडू शकते. वाचकाला कुणाला लिहायचे ते ठाऊक होते. चित्रकाराला विचार करायला वेळ होता. आणि उत्तर द्यायला त्याच्याजवळ उद्याची चौकट होती.

मालिका पुढे किती पसरली ते थोडक्यात: शेवटी शेवटी २,६०० वर वर्तमानपत्रे, ७५ देश, २१ भाषा. १९६९ च्या मे महिन्यात अपोलो १० चंद्राभोवती फिरून आले, तेव्हा त्यातल्या मुख्य यानाचे नाव चार्ली ब्राउन आणि चंद्राजवळ उतरत गेलेल्या यानाचे स्नूपी होते. खेळणी, भेटकार्डे, जाहिराती यांतून पैसा अमाप आला, आणि त्या जाहिरातींमुळे मालिकेची धार बोथट झाली असे म्हणणारे टीकाकारही आहेत. मला ते थोडे पटते. मात्र रोजच्या स्ट्रिपची वेळ शुल्झ यांनी कशासाठीही चुकवली नाही.

१९८१ मध्ये हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर हात थरथरू लागला. नंतरच्या वर्षांतल्या स्ट्रिप्स भिंगाने बघायची गरज नाही. चार्ली ब्राउनच्या डोक्याची गोल रेघ थरथरते आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसते. त्यांनी ती लपवली नाही आणि दुसऱ्या कुणाकडून सरळ करूनही घेतली नाही. पन्नास वर्षांत एकदाच, १९९७ च्या अखेरीस, पंच्याहत्तरीच्या निमित्ताने पाच आठवडे सुटी घेतली. नोव्हेंबर १९९९ मध्ये आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले, डिसेंबरात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. ३ जानेवारी २००० रोजी शेवटची दैनंदिन स्ट्रिप आली. १२ फेब्रुवारीच्या रात्री कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे झोपेतच ते गेले. शेवटची रविवारची स्ट्रिप दुसऱ्या दिवशीच्या अंकात होती. अंक तोवर छापून झाले होते.

त्यांच्यानंतर ही मालिका दुसऱ्या कुणी काढू नये, ही त्यांची इच्छा पाळली गेली. नव्या स्ट्रिप्स आल्या नाहीत. जुन्याच पुन्हा छापल्या जातात, आजही. याबद्दल माझे मन दुभंगलेले आहे. नव्या वाचकाला त्या वाचायला मिळाव्यात, हे मलाही हवे आहे. पण १९५० मध्ये एका अनोळखी मुलाला जी जागा मिळाली होती, ती आता त्याच मुलाच्या जुन्या कामाने अडवून ठेवली आहे. आजचा स्पार्की कुठे बसणार? त्यांच्या स्ट्रिप्सचे संपूर्ण खंड आता निघाले आहेत. त्यांची जागा मला कपाटात अधिक योग्य वाटते.

मराठीत हे जमते का, असा प्रश्न कुणी करू नये. १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला, आणि वर्तमानपत्र आल्यावर आधी ती पट्टी शोधणारी घरे किती होती, हे माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. त्याची पुढे पुस्तके झाली, २०१२ मध्ये चित्रपटही झाला. मराठीत व्यंगचित्रकारांची उणीव कधीच नव्हती. उणीव आहे ती टिकणाऱ्या जागेची. एका दैनिकात सुरू झालेली एक बरी मालिका मी रोज वाचत होते. काही महिन्यांत ती आठवड्यातून तीनदा येऊ लागली, मग एक दिवस तिच्या जागी जाहिरात आली आणि पुन्हा ती दिसली नाही. 'थांबवत आहोत' इतकी एक ओळसुद्धा नाही. त्या दैनिकाचे नाव घेत नाही, कारण असे करणारे ते एकटे नव्हे.

आता रिकामी चौकट भरून देणारी यंत्रेही आली आहेत. चार ओळी लिहिल्या की चार चित्रे मिळतात, मानधनाचा प्रश्न नाही, आजारपण नाही, उशीर नाही. पान लावताना रात्री अकरा वाजता हा मोह किती होत असेल, याची मला कल्पना आहे. पण कुणाच्या हाताची रेघ आहे हेच ठाऊक नसेल, तर ती उद्या का शोधायची? हॅरिएट ग्लिकमन यांनी पत्र कुणाला लिहायचे?

म्हणून मागणी पुन्हा, थोड्या तपशिलाने. चित्रकार नवा घ्या, शक्यतो तुमच्या शहराबाहेरचाही चालेल. त्याचे किंवा तिचे नाव स्ट्रिपखाली रोज छापा. मानधन दर महिन्याला द्या, दर चित्राला नको. रोज कल्पना सुचवायची तर डोके थोडे निर्धास्त असावे लागते. हक्क चित्रकाराकडे राहू द्या. शुल्झसारख्या माणसाला आपल्या मालिकेचे नाव स्वतः ठेवता आले नाही, आणि आपल्या कामावर पुरेसा ताबा मिळवायला पाव शतकाहून अधिक काळ भांडावे लागले. मूळ चित्रे परत करा किंवा नीट जपा. सुरुवातीच्या तक्रारींना घाबरू नका. 'हे कळत नाही', 'हे मुलांसाठी आहे का', 'शब्दकोडे का लहान केले' अशी पत्रे येतील. येऊ द्या. ती पत्रे येतात म्हणजे कुणीतरी वाचते आहे. आणि ज्या दिवशी चित्रकार म्हणेल आता पुरे, त्या दिवशी दुसऱ्याला बसवून तीच मालिका पुढे रेटू नका. त्या जागी दुसरे नवे नाव आणा.

खर्चाचे म्हणाल तर एका रंगीत जाहिरात-पुरवणीच्या छपाईत अशी मालिका किती दिवस चालेल, हा हिशेब तुमचा लेखा विभाग माझ्यापेक्षा अचूक करू शकेल. तो करून बघा आणि आकडा छापा. कोणत्या दैनिकाने किती वर्षांची हमी दिली, हे आम्हा वाचकांना कळू द्या. वर्गणी कुठे भरायची ते आम्हीही मग त्यावरूनच ठरवू.

आपली,
शेवटच्या पानापासून वर्तमानपत्र वाचणारी एक वाचक